प्रश्न वाचकांचे : ॲनालॉग स्विचमधील क्षणिक आणि सततचा वीजवापर

ॲनालॉग स्विच म्हणजे नियंत्रण-पायावरील विद्युतदाबाने चालू-बंद होणारा आणि संकेताला वाट देणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. गेल्या अंकातील एका उत्तरात ‘ॲनालॉग स्विचची आयसी स्वतः जवळजवळ वीज घेत नाही’ असे विधान होते. त्यावर फोंडा, म्हार्दोळ, दिवाडी, वास्को आणि काणकोण येथून पत्रे आली असून बहुतेकांचा सूर एकच आहे : तसे असेल तर आमची आयसी तापते कशी, बॅटरी संपते कशी, आणि डेटाशीटवर, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकावर, प्रवाहाचे दोन निरनिराळे आकडे कशासाठी छापतात? ते विधान मागे घेण्याचे कारण दिसत नाही. परंतु आयसी स्वतःसाठी घेते ती वीज आणि तिच्यातून पलीकडे जाणारी वीज हे दोन स्वतंत्र हिशेब आहेत, आणि त्या प्रत्येकात क्षणापुरता कमाल आकडा व दीर्घकाळाची सरासरी यांची गल्लत करून चालत नाही, हे तेथे जागेअभावी लिहायचे राहिले होते. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी फर्मागुढी येथे अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. डीजी ४११ या आयसीच्या डेटाशीटवर सततचा प्रवाह ३० मिलिॲम्पिअर आणि क्षणिक प्रवाह १०० मिलिॲम्पिअर अशा दोन मर्यादा दिल्या आहेत. माझ्या प्रकल्पात १० व्होल्टपर्यंत भरलेला १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर या स्विचमधून सेकंदाला १०० वेळा रिकामा करायचा आहे. मल्टिमीटरवर सरासरी प्रवाह १ मिलिॲम्पिअर दिसतो, म्हणजे तो दोन्ही मर्यादांच्या पुष्कळ खाली आहे. तरीही काही दिवसांनी स्विच खराब होतात. कारण काय असावे? (एक विद्यार्थी, फोंडा)

उत्तर : आपला मल्टिमीटर खोटे सांगत नाही, पण तो आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही देत नाही. कपॅसिटरमध्ये दर वेळी १० मायक्रोकुलोम विद्युतभार साठतो आणि सेकंदाला १०० वेळा तो वाहून गेला की सरासरी १ मिलिॲम्पिअर येते, हे गणित बरोबर आहे. मात्र तो भार १० मिलिसेकंदांच्या आवर्तनात सारखा वाटून वाहत नाही. डीजी ४११ चा चालू अवस्थेतील रोध साधारण २५ ओहम आणि जास्तीत जास्त ३५ ओहम असतो. स्विच चालू होऊन परिपथ पूर्ण झाला त्या क्षणी १० व्होल्ट भागिले २५ ओहम, म्हणजे ४०० मिलिॲम्पिअर प्रवाह सुरू होऊ पाहतो आणि पुढच्या २५ मायक्रोसेकंदांत तो सुमारे ३७ टक्क्यांवर उतरतो. प्रत्यक्षात इतका प्रवाह जाण्याआधीच आतील मोसफेट (ट्रान्झिस्टरचा एक प्रकार) संपृक्त अवस्थेत, म्हणजे प्रवाह आणखी वाढू न देणाऱ्या अवस्थेत, जाण्याची शक्यता असते, म्हणून ४०० हा आकडा वरची सीमा समजावा. पण १०० ची मर्यादा ओलांडली जाते, याविषयी शंका नको.

आता याच प्रवाहाची वर्गमध्यमूळ किंमत, म्हणजे आरएमएस, काढून पाहा. ती १४ मिलिॲम्पिअरच्या आसपास येते. एकाच तारेतला एकच प्रवाह सरासरीने मोजला तर १, आरएमएसने मोजला तर १४ आणि क्षणिक कमाल पाहिली तर ४०० मिलिॲम्पिअर. यांतला एकही आकडा चुकीचा नाही. पुरवठ्यातून किती भार खर्च झाला हे सरासरी सांगते, रोधामध्ये किती उष्णता निर्माण झाली हे आरएमएस सांगते, आणि आयसीतील धातूच्या बारीक पट्ट्यांना, जोडतारांना व ट्रान्झिस्टरला एका क्षणी किती सोसावे लागले हे कमाल आकडा सांगतो. कुंडईच्या किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील मोठ्या कारखान्याच्या वीजबिलावर वापरलेली युनिटे आणि कमाल मागणी अशा दोन वेगळ्या नोंदी असतात. युनिटे कमी वापरली म्हणून कमाल मागणीचा आकार माफ होत नाही, तसाच हा प्रकार आहे.

डेटाशीटवरील दोन आकड्यांचे परस्परांशी नातेही पाहण्यासारखे आहे. १०० मिलिॲम्पिअरच्या आकड्यापुढे एक अट बारीक अक्षरात असते : स्पंद १ मिलिसेकंदाचा असावा आणि एकूण वेळेच्या १० टक्केच प्रवाह वाहावा. या अटीत बसणाऱ्या स्पंदांचा आरएमएस काढला तर तो ३१.६ मिलिॲम्पिअर येतो, म्हणजे जवळजवळ सततच्या मर्यादेइतकाच. शक्तीच्या भाषेत सांगायचे तर ३५ ओहममधून सतत ३० मिलिॲम्पिअर गेल्यास ३१.५ मिलिवॉट उष्णता होते. १०० मिलिॲम्पिअरला ती त्या क्षणी ३५० मिलिवॉट होते, पण दहापैकी एकच भाग वेळ असल्याने सरासरी ३५ मिलिवॉटच पडते. दोन्ही मर्यादा उष्णतेच्या एकाच अंदाजपत्रकाला येऊन भिडतात. मात्र याचा अर्थ १ सेकंद १०० मिलिॲम्पिअर आणि ९ सेकंद विश्रांती हेही चालेल, असा घेऊ नये. तेथेही १० टक्केच भरतात, परंतु पूर्ण एका सेकंदात सिलिकॉनच्या त्या चिमुकल्या भागाला तापायला भरपूर अवधी मिळतो. १ मिलिसेकंदाची अट त्यासाठीच आहे.

आपला उपाय सोपा आहे. स्विचच्या मालिकेत ८२ ओहमचा रेझिस्टर घालावा. एकूण रोध १०७ ओहम झाला की सुरुवातीचा प्रवाह सुमारे ९३ मिलिॲम्पिअरवर येतो आणि कपॅसिटर साधारण अर्ध्या मिलिसेकंदात रिकामा होतो. आपल्याजवळ तर १० मिलिसेकंद आहेत. यात आणखी एक फायदा होतो. कपॅसिटरमधील ५० मायक्रोज्यूल ऊर्जा रोध कितीही असला तरी तेवढीच जळते, पण ती कोठे जळते हे रोधांच्या वाटणीवर ठरते. आधी सेकंदाला १०० वेळांच्या हिशेबाने सर्वच्या सर्व ५ मिलिवॉट स्विचमध्ये जात होते. आता त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक भाग रेझिस्टर घेईल. सरासरी प्रवाह मात्र अजूनही १ मिलिॲम्पिअरच दिसेल, आणि मल्टिमीटर पाहणाऱ्याला काहीच बदलले नाही असे वाटेल. बदल पाहायचा असेल तर १ ओहमचा रेझिस्टर मालिकेत घालून त्याच्या दोन टोकांवर ऑसिलोस्कोप लावावा. प्रयोगशाळेत सापडला म्हणून १० ओहमचा लावू नये. २५ ओहमच्या परिपथात तो मोजमापच बदलून टाकतो.

आणि गेल्या अंकातील विधानाचे काय? डीजी ४११ स्वतःच्या पुरवठ्यातून घेते ती शक्ती डेटाशीटप्रमाणे ३५ मायक्रोवॉटपेक्षा कमी आहे. आपल्या स्विचमध्ये सरासरीने जळणारे ५ मिलिवॉट तिच्या सुमारे १४० पट आहेत. ते आयसीत उष्णता म्हणून प्रकट होतात खरे, पण ते येतात आपल्या कपॅसिटरमधून. आयसीच्या पुरवठ्याची वीज मोजून आयसी किती तापेल हे ठरवणाऱ्यांची दिशाभूल नेमकी येथे होते.

प्रश्न : मी जत्रेतील नाटकांना ध्वनियोजना पुरवतो. मिक्सरमधून येणाऱ्या चार वाटांपैकी हवी ती निवडण्यासाठी सीडी ४०६६ ही चार ॲनालॉग स्विचांची आयसी वापरून १२ व्होल्टवर चालणारी एक पेटी केली आहे. मिक्सर आधी सुरू असताना पेटीला वीज दिली की कधी कधी आयसी हात लावू नये इतकी तापते. वीज तोडून पुन्हा दिली की थंड राहते. संगीताच्या जोरकस भागात जाणाऱ्या क्षणिक प्रवाहाने हे होते काय? याच आयसीने दोन स्पीकरांपैकी एक निवडता येईल काय? (एक ध्वनियोजक, म्हार्दोळ)

उत्तर : संगीताचा येथे काही दोष नाही. मिक्सरच्या वाटेवर १ व्होल्टचा संकेत असेल आणि पुढचे यंत्र १० किलोओहमचे असेल, तर स्विचमधून ०.१ मिलिॲम्पिअर जातो. १२ व्होल्टवर ४०६६ चा रोध दीडशे ओहमच्या आसपास धरला तर त्यात दीड मायक्रोवॉट उष्णता होते. तबल्याच्या थापेने प्रवाह क्षणभर दहापट झाला तरी १५० मायक्रोवॉट. एवढ्याने कोणतीही आयसी कोमटही होत नाही.

आपण वर्णन केलेली लक्षणे लॅच-अपची आहेत. पेटीला वीज नसताना मिक्सरचा संकेत आयसीच्या पायावर येतो, तेव्हा तो पुरवठ्याच्या मर्यादेबाहेरचा ठरतो आणि आतील संरक्षक डायोडांमधून वाट काढतो. त्याच स्थितीत वीज आली की सिलिकॉनच्या थरांतून नकळत तयार झालेला थायरिस्टर चालू होण्याची शक्यता असते. तो एकदा चालू झाला की कारण निघून गेले तरी बंद होत नाही; पुरवठा जेवढा देईल तेवढा प्रवाह तो सरळ जमिनीकडे (ग्राउंडकडे) ओढतो आणि वीज तोडली तरच थांबतो. म्हणजे एका क्षणाच्या आगळिकीचे रूपांतर सततच्या वीजवापरात होते. क्षणिक आणि सतत यांतील सीमा इतक्या विपरीत रीतीने पुसणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

पहिला बंदोबस्त अर्थातच क्रमाचा आहे : पेटी आधी, मिक्सर नंतर. पण तंबूमागच्या धावपळीत हा क्रम पाळला जाईल, यावर विसंबणे शहाणपणाचे नाही. म्हणून प्रत्येक वाटेत २.२ किलोओहमचा रेझिस्टर घालावा. मिक्सरने १० व्होल्टचे शिखर दिले तरी पायातून साडेचार मिलिॲम्पिअरच जातील आणि ४०६६ ची मर्यादा १० मिलिॲम्पिअर आहे. आवाज जेमतेम पावणेदोन डेसिबेल कमी होईल, तो मिक्सरवर भरून काढता येतो. संकेत कपॅसिटरमधून घेऊन ६ व्होल्टच्या मध्यपातळीवर बसवलेला असावा आणि त्याची शिखरे दोन्ही बाजूंना ६ व्होल्टच्या आत राहावीत, हेही पाहावे. दुसरा उपाय याहून देखणा आहे. आयसीच्या पुरवठ्याच्या तारेत २२० ओहमचा रेझिस्टर घालून त्यानंतर आयसीच्या पायाजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जमिनीला जोडावा. आयसीचा सततचा प्रवाह मायक्रोॲम्पिअरमध्ये असल्याने त्या रेझिस्टरवर विद्युतदाब जवळजवळ पडतच नाही, स्विच बदलतानाचा क्षणिक प्रवाह कपॅसिटर पुरवतो, आणि लॅच-अप झालेच तर प्रवाह ५५ मिलिॲम्पिअरच्या पुढे जाऊ शकत नाही. सततचा वापर नगण्य आहे म्हणूनच हा उपाय फुकटात पडतो.

स्पीकरांसाठी मात्र ही आयसी मुळीच वापरू नये. ८ ओहमच्या स्पीकरला केवळ १ वॉट द्यायचा तरी आरएमएस ३५४ आणि शिखराला ५०० मिलिॲम्पिअर प्रवाह लागतो. शिवाय दीडशे ओहमच्या स्विचपलीकडे ८ ओहमच्या स्पीकरला वाट्याला येणार काय? तेथे रिलेच हवी, आणि तिच्या संपर्कांची प्रवाहमर्यादा निवडताना ॲम्प्लिफायरच्या सततच्या आरएमएस वॉटचा आकडा धरावा. खोक्यावर छापलेला पीएमपीओचा, म्हणजे क्षणिक कमाल शक्तीचा, भव्य आकडा धरू नये. तो मोजण्याची सर्वमान्य रीतच नसल्याने त्यावरून कोणताही हिशेब करता येत नाही, एवढेच त्याच्याविषयी सांगण्यासारखे आहे.

प्रश्न : दिवाडीला आमची खाजन (खाडीकाठी बांध घालून केलेली) शेती आहे. मानशीच्या (भरतीचे पाणी अडवणाऱ्या दाराच्या) आतील व बाहेरील पाण्याची पातळी आणि खारटपणा नोंदवण्यासाठी आठ संवेदक ७४एचसी४०५१ या आठ वाटांतून एक निवडणाऱ्या आयसीमधून आळीपाळीने वाचणारे एक यंत्र केले आहे. आयसी ५ व्होल्टवर आणि मायक्रोकंट्रोलर ३.३ व्होल्टवर चालतो. दर १० मिनिटांनी संवेदकांना ०.१ सेकंद वीज मिळते व तेव्हा २० मिलिॲम्पिअर लागतात; बाकी वेळ सर्व निद्रिस्त असते. मला या २० मिलिॲम्पिअरची धास्ती होती, पण निद्रावस्थेतच मीटर २ मिलिॲम्पिअर दाखवतो आणि २००० मिलिॲम्पिअर-तासांच्या बॅटऱ्या दीड महिनाही टिकत नाहीत. ४०५१ चा पुरवठा काढला तर आकडा ४० मायक्रोॲम्पिअरवर येतो. आयसी खराब आहे काय? तसेच संवेदकांचा पुरवठाही दुसऱ्या ४०५१ मधून द्यावा काय? (एक शिक्षक, दिवाडी)

उत्तर : पुरवठा काढून पाहण्याची आपली तपासणी उत्तम आहे, तिने अर्धे काम केले आहे. धास्ती मात्र चुकीच्या आकड्याची घेतली गेली. दर ६०० सेकंदांत ०.१ सेकंद २० मिलिॲम्पिअर म्हणजे सरासरी ३.३ मायक्रोॲम्पिअर. निद्रेतील २ मिलिॲम्पिअर त्याच्या ६०० पट आहेत. २००० भागिले २ असे १००० तास, म्हणजे सुमारे ४२ दिवस. आपला दीड महिना येथेच संपतो.

आयसी बहुधा निर्दोष आहे. तिच्या प्रत्येक नियंत्रण-पायामागे एक पी आणि एक एन प्रकारचा मोसफेट एकावर एक जोडलेले असतात. पायावर पूर्ण शून्य किंवा पुरवठ्याइतका विद्युतदाब असला की त्यांतला एक पूर्णपणे मिटलेला राहतो आणि पुरवठ्यातून जमिनीकडे वाट उरत नाही. १९६३ साली फ्रँक वानलास आणि सी. टी. साह यांनी ही जोडरचना मांडली, तेव्हा तिचे मोठेपण नॅनोवॉटच्या भाषेत सांगितले गेले ते यामुळेच. परंतु हे सुख दोन टोकांपुरते आहे. ५ व्होल्टवर चालणाऱ्या एचसी मालिकेला ‘एक’ म्हणून किमान ३.५ व्होल्ट हवे असतात. आपला कंट्रोलर ३.३ देतो. स्विच बहुतेक वेळा बरोबर चालतो, म्हणून शंका येत नाही. पण दोन्ही मोसफेट अर्धवट उघडे राहतात आणि प्रत्येक पायामागे अखंड प्रवाह गळत राहतो. जो प्रवाह एरवी पायाची पातळी बदलताना काही नॅनोसेकंदच वाहायचा, तो येथे दहा-दहा मिनिटे वाहतो. डेटाशीटच्या पहिल्या पानावरील मायक्रोॲम्पिअरचा आकडा पूर्ण टोकांना मोजलेला असतो, ही अट वाचायची राहून जाते.

संवेदकांचे संकेत ३.३ व्होल्टच्या आत बसत असतील तर ४०५१ लाही ३.३ व्होल्टच द्यावेत; हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे. ते शक्य नसेल तर एचसीटी मालिकेची आयसी घ्यावी. तिला २ व्होल्टही ‘एक’ म्हणून चालतात, परंतु तिच्याही डेटाशीटमध्ये मधल्या पातळीवरील जादा प्रवाहाची स्वतंत्र ओळ असते, हे विसरू नये. काहीही न बदलता आज रात्रीच करता येईल असा उपाय म्हणजे झोपण्यापूर्वी कंट्रोलरने तिन्ही निवड-पाय शून्यावर आणावेत. शून्य हे दोन्ही पुरवठ्यांना सारखेच असते. मात्र झोपताना कंट्रोलरचे पाय इनपुट होऊन तरंगत राहत असतील, तर हा उपाय फसतो, कारण तरंगता पाय कोणत्या पातळीवर स्थिरावेल याचा नेम नसतो. अशा वेळी प्रत्येक पायाला १०० किलोओहमने जमिनीला बांधावे.

दुसऱ्या ४०५१ मधून पुरवठा देण्याचा विचार सोडून द्यावा. या आयसीच्या स्विचची प्रवाहमर्यादा २५ मिलिॲम्पिअर आहे, आणि सुमारे ८० ओहम रोधातून २० मिलिॲम्पिअर नेले की १.६ व्होल्ट तेथेच खर्च होतात. संवेदकाला उरलेला विद्युतदाब तापमानानुसार बदलत राहील आणि खारटपणाचा आकडाही त्यासोबत डोलत राहील. पुरवठ्यासाठी पी प्रकारचा स्वतंत्र मोसफेट वापरावा. ४०५१ कडे केवळ संकेताचे काम ठेवावे, जेथे मायक्रोॲम्पिअरच वाहतात आणि रोधाचे काही चालत नाही.

कोणी बॅटऱ्यांऐवजी सीआर २०३२ या बटण-सेलचा सल्ला देईल, म्हणून तेही लिहितो. तेथे आपली २० मिलिॲम्पिअरची धास्ती खरी ठरेल. जुन्या होत चाललेल्या सेलचा आतील रोध ३० ओहम झाला, तर ०.६ व्होल्ट आतच पडतील, कंट्रोलर पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल आणि नोंद हुकेल. सरासरीच्या हिशेबाने तो सेल काही महिने पुरायला हवा, पण क्षणिक मागणीला तो पुरा पडत नाही. त्याच्याशेजारी १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून भागेल असेही समजू नये : २० मिलिॲम्पिअर ०.१ सेकंद म्हणजे २ मिलिकुलोम, आणि तेवढा भार ०.२ व्होल्टच्या घसरणीत द्यायचा तर १०,००० मायक्रोफॅरड लागतील. नेहमीच्या पेन्सिल-सेलवरच राहावे.

प्रश्न : फार लहान विद्युतदाब मोजण्यासाठी ७४एचसी४०६६ सेकंदाला १ लाख वेळा चालू-बंद करतो, पुरवठा १० व्होल्टचा आहे. मीटरवर आयसीचा प्रवाह फक्त ५० मायक्रोॲम्पिअर दिसतो, तरी पुरवठ्याच्या तारेवर ऑसिलोस्कोपने पाव व्होल्टचे काटे दिसतात. इतक्या थोड्या प्रवाहाने एवढे काटे कसे येतात? (एक वाचक, वास्को)

उत्तर : आपल्या आकड्यांवरून उलटे गणित करता येते. चालू-बंद होण्यात जाणारी शक्ती म्हणजे आतील धारिता, विद्युतदाबाचा वर्ग आणि वारंवारता यांचा गुणाकार. ५० मायक्रोॲम्पिअर गुणिले १० व्होल्ट म्हणजे अर्धा मिलिवॉट, आणि त्यावरून एकूण धारिता ५० पिकोफॅरड निघते. ही किंमत अगदी वाजवी आहे. म्हणजे दर आवर्तनाला ५०० पिकोकुलोम भार लागतो. तो २० नॅनोसेकंदांत ओढला गेला तर त्या वेळी प्रवाह २५ मिलिॲम्पिअर असतो, मीटरवरील आकड्याच्या ५०० पट. पुरवठ्यापासून आयसीपर्यंत १० सेंटिमीटर तार असेल तर तिचे प्रेरकत्व ढोबळमानाने १०० नॅनोहेन्री धरावे. १० नॅनोसेकंदांत २५ मिलिॲम्पिअरने प्रवाह चढला की तिच्यावर पाव व्होल्ट उभा राहतो. आपल्याला दिसलेला काटा हाच.

०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आयसीच्या पुरवठ्याच्या दोन पायांना शक्य तितका लगटून लावावा. ५०० पिकोकुलोम दिल्याने त्याचा विद्युतदाब ५ मिलिव्होल्टने उतरेल आणि पुढच्या १० मायक्रोसेकंदांच्या सवडीत लांबची तार तो सावकाश भरून देईल. कपॅसिटर पाच-सहा सेंटिमीटर दूर बसवला तर त्याची तारच पुन्हा तेच दुखणे उभे करते. परिपथाच्या पुष्कळ नकाशांत तो काढलेला असतो आणि बोर्डावर भलत्या कोपऱ्यात सापडतो. मोजमापाला चालत असेल तर पुरवठा ५ व्होल्ट करावा. सरासरी शक्ती चौथ्या हिश्शावर येईल. मात्र तेव्हा स्विचचा रोध वाढेल, हे ध्यानात असू द्यावे. संकेताच्या वाटेवर जे काटे उरतील ते पुरवठ्याचे नसून नियंत्रण-पायाकडून स्विचमध्ये सांडणाऱ्या भाराचे असतात. त्यांना या कपॅसिटरने फरक पडत नाही. त्यासाठी कमी भार सांडणारी आयसी निवडावी लागते किंवा स्विच बदलल्यावर थोडे थांबून मग वाचन घ्यावे लागते.

प्रश्न : उन्हाळ्यात ३ मायक्रोॲम्पिअरवर थांबणारे माझे यंत्र जूनपासून १० मायक्रोॲम्पिअर घेते. पावसाळ्यात ॲनालॉग स्विचची गळती वाढते काय? (एक वाचक, काणकोण)

उत्तर : आयसीच्या आतील गळती तापमानाने वाढते, ढोबळ हिशेबाने दर १० अंशांना दुप्पट, म्हणजे ती मे महिन्यात जास्त असायला हवी. जूननंतर वाढ दिसते त्या अर्थी दोष बोर्डाच्या पृष्ठभागावर शोधावा. समुद्राकाठच्या हवेतील मीठ आणि सोल्डरचा उरलेला फ्लक्स ओल धरतात. पुरवठा आणि जमीन यांच्या पट्ट्यांमध्ये १ मेगाओहमची ओलसर साय धरली की ५ व्होल्टवर ५ मायक्रोॲम्पिअर सरळ निघून जातात, जे आयसीच्या स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त आहेत. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने घासून धुवावा, पूर्ण वाळवावा आणि मगच त्यावर संरक्षक लेप द्यावा. ओल आत ठेवून वरून लेप दिला तर ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तेथेच राहते.